मदत हवी आहे: स्लो कुकरमधले चॉकलेट-शिंगदाणा गोळे फ्रीजबाहेर मऊ पडतात

बडोद्यात दुपारी स्वयंपाकघर ३४-३५ अंशांवर जातं. माझं प्रमाण: भरुचची खारी शिंग (खारे शेंगदाणे) ५०० ग्रॅम, डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती फॅट असलेलं चॉकलेट) ४०० ग्रॅम, कोको बटरचं मिल्क चॉकलेट २०० ग्रॅम. तळाशी शिंग, वर चॉकलेटचे तुकडे, 'लो'वर दीड तास. मग ढवळून चमच्याने बटर पेपरवर गोळे.

झाकणाची वाफ थेंब होऊन आत पडायची आणि चॉकलेट दाणेदार, घट्ट व्हायचं. झाकणाखाली कोरडा पंचा ताणून, टोकं वर दुमडल्यापासून ते पूर्ण थांबलंय.

पण गोळे फ्रीजमधून काढले की अर्ध्या तासात बोटांना लागतात, दोन दिवसांत वर पांढरट थरही येतो. तेल घालणं बंद केलं, २४ अंशांच्या एसी खोलीत सेट करून पाहिले, फरक नाही. डबा हवाबंदच असतो. मला संशय मिश्रणाचा आहे: कोको बटर आणि कंपाउंडमधलं वनस्पती फॅट एकत्र आलं की दोन्हींपेक्षा मऊ होतं.

थर्मामीटर नाही, त्यामुळे टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवून-थंड करून घट्ट बसवणं) जमणार नाही. मेण घालायचं नाही. डबा ट्रेनने पुण्याला न्यायचाय, बर्फाशिवाय.

मिल्क चॉकलेटऐवजी २०० ग्रॅम मिल्क कंपाउंड घेतलं तर हे गोळे ३५ अंशांत टिकतील का, की थोडं कोको बटर चालतं? चालत असेल तर ६०० ग्रॅममध्ये किती?