पहिलाच बूस्टर बांधला, पण आवाज वाढायच्या ऐवजी बसतोय

तारसप्तक:
गिटारचा आवाज वाढवणारा, एका ट्रान्झिस्टरचा साधा बूस्टर व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड) बांधला. माझं पहिलंच पेडल, म्हणून जीव अडकलाय त्यात. बायपासला (बूस्टर बंद, सिग्नल सरळ पुढे) सगळं स्वच्छ. स्विच दाबला की एलईडी लागतो, पण आवाज बसतो. हलक्या हाताने छेडलेली तार ऐकूच येत नाही. जोरात मारली तर खरखरत उमटते आणि लगेच तुटते. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसला ४३० के (किलोओहम) आणि ४३ केचे रेझिस्टर, कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम, इनपुट-आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. आकृतीत २एन५०८८ ट्रान्झिस्टर होता, मी घरात पडलेला बीसी५४७ लावला. सगळे टाके पुन्हा तापवले, पट्ट्यांमधून सुरीचं टोक फिरवलं. तीन संध्याकाळी गेल्या. आता कुठे बघू?

खरखर:
इनपुटचा कपॅसिटर बदलून बघा. माझ्याकडे एकदा त्यानेच असं झालं होतं.

जुनाव्हॉल्व्ह:
थांबा, आधीच काही उपटू नका. पेडल चालू ठेवा, मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावा आणि ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांचे व्होल्टेज लिहा. तुमच्या रेझिस्टरांच्या हिशोबाने बेसला पाऊण व्होल्टच्या आसपास आणि कलेक्टरला साधारण साडेचार यायला हवेत.

तारसप्तक:
नवी ९ व्होल्टची बॅटरी लावून मोजले. बेस ०.७, १० केकडचा पाय ८.५, ३९० कडचा जवळजवळ शून्य.

जुनाव्हॉल्व्ह:
मग १० केमधून करंट जातच नाहीये म्हणा. ट्रान्झिस्टर उलटा बसलाय. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ चे नेमके उलटे: कलेक्टर, बेस, एमिटर. बेस दोन्हींत मधोमध, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. उलटा ट्रान्झिस्टर अगदीच मेलेला नसतो, थोडासा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) देतो. तुम्हाला ऐकू येतंय ते तेच.

एक सांगतो, तोच फिरवून बसवू नका, नवा घ्या. बीसी५४७ च्या बेस-एमिटर जोडाची उलट्या दिशेची मर्यादा ६ व्होल्ट आहे, तुमच्याकडे त्यावर जवळजवळ ८ पडत होते. अशाने गेन घटतो आणि सूंsss आवाज वाढतो. बूस्टरमध्ये तो आवाजही मोठाच होऊन बाहेर येणार.

तारसप्तक:
नवा बीसी५४७ सपाट बाजू फिरवून बसवला. कलेक्टरला ४.६!! नॉब अर्ध्यावर होता, पहिल्याच स्वराला अँपचा आवाज फुटला. जुना ट्रान्झिस्टरही सरळ लावून ऐकला, खरंच जास्त सुसकारतो. त्याच्यावर लाल ठिपका मारून वेगळा ठेवलाय. कपॅसिटर जुनाच आहे, खरखर, त्याचा काही दोष नव्हता. उद्या बोर्ड डब्यात बसवते.

जुनाव्हॉल्व्ह:
डबा रंगवलेला असेल तर जॅकच्या नटाखालचा रंग खरवडा. धातूला ग्राउंड लागलं नाही तर घुरघुर येईल, आणि मग पुन्हा बोर्डावरच शंका घ्याल.