प्रगती अहवालात ‘सुधारणा आहे’ याऐवजी नेमकं काय लिहावं? आणि पावसाळ्यात वर्गाला काम कुठलं द्यावं?

पडवी_७ :

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत पूर्व-व्यावसायिक वर्ग (मोठ्या मुलांना कामाची तयारी करून देणारा) माझ्याकडे आला आहे. पट आठ, वयं १४ ते १७. बहुतेक मुलं सौम्य आणि मध्यम गटातली. दोघांना डाउन सिंड्रोम आहे, एका मुलाला फिट्स येतात (गोळ्या चालू), आणि एक मुलगी सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), व्हीलचेअरवर असते.

जुन्या अहवालांत सगळीकडे ‘सुधारणा आहे’, ‘प्रयत्न करतो’, ‘मार्गदर्शनाची गरज’ एवढंच लिहिलेलं आहे. पालक विचारतात, मग आता त्याला येतं काय? त्याचं उत्तर त्या कागदावर सापडत नाही. हे कसं लिहावं?

दुसरं असं की वर्गाचं मुख्य काम कागदी पिशव्यांचं. जून लागला की कागद मऊ पडतो, खळ वाळत नाही, तयार पिशव्यांना बुरशी येते. पावसाळ्याचे चार महिने मुलांना उपयोगाचं आणि विकलं जाईल असं काम कुठलं देता येईल? आमसूल, पणत्या, खराटे असं सगळंच सुचवलं जातंय. प्रत्यक्ष काय जमतं ते सांगा.

नोंदवही :

ताई, अहवाल बदलायचा तर आधी रोजची नोंद बदलावी लागेल. मूल काम ‘करतं की नाही’ ही नोंद या मुलांच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असते. किती मदत लागते ते लिहा. मदत कमी होणं हीच इथली प्रगती.

सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची (पूर्वीची एनआयएमएच, आता एनआयईपीआयडी) एफएसीपी तपासणी सूची (मुलाला रोजच्या जगण्यातलं काय काय येतं ते तपासायची यादी) तुमच्या शाळेत असणारच. पूर्व-व्यावसायिक गटाची सूची काढा आणि जूनचे पहिले दोन आठवडे फक्त तपासा, शिकवू नका. तपासताना शिकवलं तर सुरुवातीची पातळी फुगते आणि सप्टेंबरात मूल मागे गेल्यासारखं दिसतं. ज्या बाबी मूल शाब्दिक सूचनेवर किंवा थोडा हात लावल्यावर करतं, त्यांतून उद्दिष्टं निवडा. पूर्ण अवलंबून असलेल्या बाबी तिमाहीत हाती लागत नाहीत. तिमाहीला चार-पाच उद्दिष्टं पुरे : स्वावलंबनाचं एक, संवादाचं एक, पैसे किंवा वेळेचं एक आणि कामातलं एक-दोन.

उदाहरणाला शर्टाचं बटण घ्या. मुलग्यांच्या शर्टात काजं डाव्या पट्टीवर असतात. पायऱ्या अशा : (१) काजाची पट्टी डाव्या हाताने धरणं, (२) बटण उजव्या अंगठा-तर्जनीत धरणं, (३) बटणाची कड काजात घालणं, (४) बटण अर्धं पलीकडे ढकलणं, (५) ते अर्धं बटण डाव्या चिमटीत पकडणं, (६) उजवा हात सोडणं, (७) बटण पूर्ण ओढून घेणं. शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या सहा पायऱ्या तुम्ही करून द्या, सातवी मुलाला करू द्या. ती पक्की झाली की सहावी आणि सातवी. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होतं, म्हणून ते टिकून बसतं. सुरुवात सर्वांत खालच्या बटणापासून करा. ते मान वाकवून नीट दिसतं आणि शर्टाची टोकंही जुळतात. गळ्याजवळचं बटण सगळ्यात शेवटी.

बहुतेकांचं अडतं चौथ्या पायरीवर. बटण पुरतं अर्धंही गेलेलं नसतं आणि मूल ओढायला लागतं. तिथे बोलू नका, त्याच्या उजव्या अंगठ्यावर तुमचा अंगठा ठेवून ढकला. नव्या गणवेशाची काजं घट्ट असतात, शिकवायला दोन-चार धुण्यांचा जुना शर्ट वापरा. लाकडी फळीवरची मोठी बटणं मुलं पटापट लावतात आणि अंगावरची लावत नाहीत, याचं कारण फळी समोर असते तेव्हा डावं-उजवं उलटं पडतं. तीच फळी एप्रनसारखी मुलाच्या छातीवर बांधा.

नोंदीसाठी प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर पुरतं : स्व (स्वतः), खू (खुणेने), शा (शाब्दिक सूचनेने), हा (हात धरून), पू (पूर्ण अवलंबून). मग अहवालात असं लिहिता येतं : ‘शर्टाचं बटण. जून : ७ पैकी १ पायरी स्वतः, ६ हात धरून. ऑगस्टअखेर : ४ स्वतः, २ खुणेने, १ हात धरून (बटण अर्धं ढकलणं).’ पालकांना यातून दोन्ही कळतं, काय जमलं आणि घरी नेमका कुठे हात लावायचा.

दोन गोष्टींवर फार लक्ष ठेवा. शिक्षिकेची नजर, मानेचा होकार, ‘हं, पुढे’ हीसुद्धा मदतच असते. ती न मोजता ‘स्व’ लिहिलं की दुसऱ्या शिक्षिकेपुढे मूल थांबून राहतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आणि शाब्दिक सूचना ही सोडवायला सर्वांत कठीण मदत आहे. मूल प्रत्येक पायरीला ‘आता?’ म्हणून तोंडाकडे बघायला लागतं. क्रमाने करायच्या कामात मागे उभं राहून हात धरा आणि मदत मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर न्या. बोलणं कमीत कमी.

हातकाम_कुडाळ :

कामाबद्दल लिहितो. आमसूल आधी बाजूला ठेवा. रातांबे (कोकमाची फळं) येतात एप्रिल-मेमध्ये. फोडणं, बी काढणं, साल वाळवणं, रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवणं हे सगळं कडक उन्हाचं काम, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. तयार आमसूल आणून पावसात पाकिटं भरावीत म्हटलं तर मिठामुळे ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाकिटाला आतून पाणी सुटतं. शिवाय खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न नोंदणी हवी.

खराट्याचे हीर (पातीच्या मधल्या काड्या) काढायला झावळ्या आपल्याकडे मुबलक. पण हिरव्या पातीचे हीर पावसात नीट वाळत नाहीत, काळे पडतात. आणि पात सोलायला सुरी लागते. हे काम दिवाळीनंतर घ्या. कागदी पिशव्याही तेव्हाच. खळीत मोरचूद घालून बुरशी थांबवायची बाइंडिंगवाल्यांची रीत तुमच्या वर्गात अजिबात नको. ते विष आहे, आणि बोटं तोंडात घालणारं एखादं मूल वर्गात असतंच. पणत्या रंगवायच्या असतील तर त्या धुऊ नका, पावसात पाणी पितात आणि आठवडाभर ओल्या राहतात. कोरड्या ब्रशने धूळ झाडून ऑगस्टात पांढरा हात मारून ठेवा, नक्षी सप्टेंबरअखेर.

पावसाळ्याचं खरं काम म्हणजे वाती. श्रावण, गणपती, नवरात्र अशी मागणी ओळीने येते. सुरी नाही, पाणी नाही, विस्तव नाही, आणि प्रत्येक मुलाला आपापल्या ताकदीची पायरी मिळते. फुलवातीच्या पायऱ्या : कापसातली सरकी वेचणं, कापूस पिंजून मोकळा करणं, मापाचे पुंजके करणं, वात वळणं, खणात ठेवणं, पाकीट भरणं. सरकी वेचणं हा चिमटीचा उत्तम व्यायाम आहे, बटणाला तीच चिमटी लागते.

मापासाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या. झाकणभर मोकळा कापूस, एक वात. दाबून भरू द्यायचा नाही. हाताचा जोर जास्त असलेली मुलं कापूस घट्ट आवळतात, मग वात तूप वर ओढत नाही आणि विझते. रोजच्या मालातली एक वात शिक्षकांनी पेटवून बघायची. घामेजल्या बोटांना कापूस चिकटतो, त्यावर भस्माची चिमूट. ओलसर कापसाचं टोक वळलं तरी परत सुटतं, म्हणून कापूस घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. कपाटात बल्ब लावून ऊब ठेवायची जुनी युक्ती एलईडी दिव्याने साधत नाही.

मोजणीवरून काम अडवू नका. १०० पर्यंत मोजता येत नसलं तरी १० खणांचा पाट (खण पाडलेली फळी) देता येतो. एका खणात एक वात, सगळे खण भरले की पाट पाकिटात रिकामा. असे दहा पाट झाले की १०० चं पाकीट. खण रिकामा दिसला की चूक मुलालाच कळते, बाईंना सांगावं लागत नाही.

एक कळकळीची विनंती. ज्या मुलाला सरकी वेचणं छान जमतं, त्याला माल लवकर निघावा म्हणून वर्षभर तिथेच बसवलं जातं. शाळेचा माल निघतो, मूल मात्र जागच्या जागी. त्याची पायरी पक्की झाली की दिवसातला निदान अर्धा तास पुढच्या पायरीवर, माल कमी निघाला तरी चालेल. विक्रीतला छोटा वाटा मुलांच्या हातात नाण्यांत द्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी घेऊ द्या. पैशाचा धडा तिथे होतो.

आधार_फिजिओ :

नोंदवही ताईंचं ‘हात धरून’ सेरेब्रल पाल्सीच्या मुलीला जसंच्या तसं लावू नका. स्नायू ताठ असतील तर बोटं किंवा मनगट धरून ओढल्याने ताठरपणा वाढतो. कोपराला आणि खांद्याला खालून आधार द्या आणि तिच्या हालचालीची वाट बघा. वेळ लागतो, तो द्यायचाच.

त्याआधी बसणं नीट करा. कंबर मागे टेकलेली, नितंब, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात, पावलं फळीवर पूर्ण टेकलेली. लोंबकळणारी पावलं असली की हात स्थिर राहत नाही. टेबल कोपराच्या उंचीला. वातीच्या पाटाखाली ओलसर पिळलेलं फडकं घातलं की पाट सरकत नाही. कमी चालणारा हात मांडीवर पडू देऊ नका, पाट धरायचं काम त्याचं. तिच्या अहवालात पायऱ्यांबरोबर ‘आधाराशिवाय किती मिनिटं सरळ बसली’ हाही एक आकडा ठेवा.

पावसात घोट्याच्या स्प्लिंटखाली (पाऊल सरळ ठेवणारा कडक आधार) घाम साचतो. आत कोरडा सुती मोजा, मधल्या सुट्टीत काढून कातडी बघायची. लालपणा २०-३० मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट पुन्हा घालू नका, बसवणाऱ्याकडे पाठवा. फोमच्या गाद्यांना रेक्झिनचं कव्हर नसेल तर जुलैत बुरशी ठरलेलीच.

फिट्सवाल्या मुलाला पाकिटं चिकटवायच्या गरम मशीनपाशी बसवू नका. पावसात रस्ता बंद झाला की गोळी चुकते आणि फिट येते, म्हणून पालकांना जूनपूर्वीच डॉक्टरांना विचारून जादा गोळ्या आणून ठेवायला सांगा. फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान हटवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.

पडवी_७ :

फार आभार सगळ्यांचे. बटणाचा तक्ता आणि १० खणांचा पाट लगेच करून घेते. अजून तीन विचारते. गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं बरंच विसरून येतात, ती घट अहवालात कशी दाखवायची? आणि एका मुलाची आई म्हणते, शाळेत करतो ते घरी काहीच करत नाही. आणखी एक मुलगा पुढच्या वर्षी १८ चा होईल, त्याच्यासाठी आत्ताच काय करून ठेवायचं?

नोंदवही :

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी आणि शाळा उघडल्यावर दुसऱ्या दिवशी तोच तक्ता भरा. पहिल्या दिवशी नको, त्या दिवशी सगळीच मुलं बिथरलेली असतात. घट लपवू नका, तिच्यापुढे ‘पूर्वपदावर यायला किती दिवस लागले’ ते लिहा. आठवड्याभरात परत आलं तर कौशल्य पक्कं आहे. तीन-चार आठवडे लागले तर ते पक्कं झालेलंच नव्हतं. अशा वेळी नवीन उद्दिष्ट घेऊ नका.

घरी न करण्याचं कारण बहुतेक वेळा घर वेगळं असणं हेच असतं. शाळेत नळ वर उचलायचा, घरच्या मोरीत फिरवायचा किंवा घागरीतून तांब्याने पाणी घ्यायचं. मुलाच्या दृष्टीने ही तीन वेगळी कामं आहेत. आईकडून मोरीचा, कपडे ठेवायच्या जागेचा मोबाइलवर फोटो मागवा आणि वर्गात तशीच मांडणी करून शिकवा. घरात सकाळच्या घाईत आजी बटणं लावून देते तेही विचारून घ्या. सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी शर्ट काढताना सराव होतो.

सुट्टीत घरी एकच काम द्या, आणि ते खऱ्या गरजेचं. गणपतीत दूर्वा उत्तम. तीन पात्यांचं टोक खुडणं ही चिमटी, आणि २१ ची जुडी करायला १० खणांचे दोन पाट आणि वर एक. पालकांना पायऱ्यांचा कागद चित्रांसह द्या. निरांजन फिट्सवाल्याच्या हाती देऊ नका, टाळ द्या. फटाके-ढोल सहन न होणारं मूल असेल तर मागच्या खोलीत त्याची जागा आधी ठरवून, दाखवून ठेवायला सांगा. आयत्या वेळी नेलं तर ती शिक्षा वाटते.

१८ च्या मुलाबद्दल : बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. यूडीआयडी कार्डावरचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आत्ताच बघून घ्या, दुरुस्तीला वेळ जातो. पुढे मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत प्रवेश घेताना त्याचे वर्षभराचे पायऱ्यांचे तक्ते सोबत द्या, म्हणजे तिथल्या निदेशकांना पुन्हा सरकी वेचण्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.