कॅथलिक विद्यापीठात विचार करायला बंदी असते?

शाईवाला: ‘कॅथलिक विद्यापीठ म्हणजे चॅपलला जोडलेले वर्ग, शंका विचारली की संपलं’ असं काल एकाने ठोकून दिलं आणि खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. मी कॅथलिक नसून अशा विद्यापीठात शिकलोय. तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी (धर्मशास्त्र) सगळ्यांना सक्तीचं, इंजिनिअरिंगवाल्यांनाही. नीतिशास्त्राला जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे एक फादर होते. देहदंडाविरुद्धचा माझा निबंध त्यांनी परत केला. समासात लाल शाईने लिहिलेलं, ‘समोरच्याची बाजू मुद्दाम दुबळी मांडली आहेस. त्याला आपली वाटेल अशी लिही, मग खोडून काढ.’ फादर स्वतः देहदंडाच्या विरोधातच होते! आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र धर्मगुरू होते, बेल्जियममधल्या लूव्हेंच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवायचे.

कडूलिंब: दरवेळी लमेत्र! भौतिकशास्त्रात मोकळीक देणं सोपं आहे हो. चार्ल्स करन यांचं काय? तेही धर्मगुरूच. संततिनियमनासारख्या विषयांवर वेगळं मत मांडलं म्हणून १९८६ मध्ये व्हॅटिकनने त्यांना कॅथलिक थिऑलॉजी शिकवायला अपात्र ठरवलं. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात कायम प्राध्यापक होते, तरी वर्ग गेला. कोर्टात गेले, १९८९ मध्ये हरले. विरोधी बाजू जोरकस मांडायची ती फक्त विद्यार्थ्यांनी का?

शाईवाला: थिऑलॉजीचा प्राध्यापक तिथे चर्चच्या वतीने शिकवतो, म्हणून तो नियम वेगळा. पोप दुसरे जॉन पॉल यांचा कॅथलिक विद्यापीठांबद्दलचा १९९० चा दस्तऐवज ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ वाचा. प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा, असं स्पष्ट लिहिलंय.

कडूलिंब: त्याच दस्तऐवजात कॅथलिक नसलेले प्राध्यापक बहुसंख्य होऊ देऊ नयेत असंही लिहिलंय. ते बरं गाळलंत.

पायरी: वर्गाचं पुरे, होस्टेलचं बोला. मूल्यं खरी तिथे भोवतात. रात्री ठरलेल्या वेळेनंतर मुलाने मुलींच्या इमारतीत थांबायचं नाही. माझा सख्खा भाऊ सामानाची पेटी वर ठेवून जिना उतरत होता, तर वॉर्डनबाई खाली रजिस्टर उघडून उभ्या. त्याहून संतापजनक म्हणजे पाळी अनियमित म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या विद्यापीठाच्या दवाखान्यात मिळेनात, कारण त्या गर्भनिरोधक! चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलेलं होतं.

दीपमाळ: वेळेचा नियम मुलामुलींना सारखाच होता ना? मी आधी जिथे राहिले तिथे धर्माचा संबंध नव्हता, पण कुलूप फक्त मुलींच्या इमारतीला. आणि वॉर्डन म्हणाल तर, माझे वडील गेले त्या रात्री आमच्या मजल्यावरच्या सिस्टर (नन) पहाटेपर्यंत माझ्याजवळ बसून होत्या. प्रार्थना कर म्हणाल्या नाहीत, धर्म विचारला नाही.

पायरी: सिस्टर चांगल्या होत्या, मान्य. म्हणून मी औषधाविना राहायचं?

दीपमाळ: असं मी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका.

पायरी: मग दरवेळी मायेच्या गोष्टी सांगून नियमांवर पांघरूण का घालता? रात्री सोबत बसणं ही त्या बाईंची भलाई. गोळ्या अडवणं हे संस्थेचं धोरण.

दीपमाळ: भलं झालं की व्यक्तीचं, वाईट झालं की संस्थेचं? त्या सिस्टरना तिथे राहायला संस्थेनेच ठेवलं होतं. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी हवंच, हेही धोरणच की.

कडूलिंब: करन राहिले बाजूला, होस्टेलच चाललंय.

शाईवाला: गोळ्यांचं मान्य करतो. आजारावरचं औषध अडवायला चर्चची शिकवणसुद्धा सांगत नाही. उपचार म्हणून अशा गोळ्या घ्यायला पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या संततिनियमनावरच्या पत्रातही मुभा आहे. दवाखान्याने आपलंच पत्र वाचलं नव्हतं. करनबाबत मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

पायरी: १९६८ पासून मुभा आहे आणि मला वर्षभर बाहेरून विकत घ्यायला लावलं? त्या पत्रातला परिच्छेद कितवा ते सांगा. धाकटी बहीण तिथेच शिकतेय, उद्या दवाखान्यात नेऊन दाखवते.

शाईवाला: पंधरावा.