मदत हवी आहे : जर्मनीतल्या हॉस्पिटलला अर्ज करतेय, कव्हर लेटरमध्ये नेमकं काय लिहू?

नमस्कार मंडळी, मी स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, मिरजेला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये पाचेक वर्षं आयसीयूला ड्युटी केली आणि आता जर्मनीला जायचं पक्कं ठरवलंय. जर्मनचं बी-टू (भाषेच्या सहा पातळ्यांपैकी चौथी) पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनमधून झालंय, कागदपत्रांची भाषांतरं करून श्टुटगार्टच्या सरकारी कार्यालयाला माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या मान्यतेसाठी पाठवली होती त्याचं पत्रही आलंय. पूर्ण मान्यता लगेच मिळत नाहीये, काही विषयांचे तास कमी पडतात म्हणून एकतर तिकडे जाऊन परीक्षा द्यायची नाहीतर अ‍ॅडॅप्टेशन कोर्स (कमी पडलेलं भरून काढणारा) करायचा असं त्यात लिहिलंय. एजंटकडून जायचं नाहीये, थेट हॉस्पिटलना अर्ज करायचेत, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातच, कारण मान्यतेची फाईल तिथली आहे.

बायोडेटा तयार आहे, अडलंय ते पत्रावर. आमच्याकडे नोकरी म्हणजे सर्टिफिकेटं घेऊन मेट्रनना भेटायचं, त्या दोन प्रश्न विचारतात आणि सोमवारपासून या म्हणतात, पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. नेटवरचे नमुने बघून पहिला मसुदा केला तो साधारण असा आहे, 'मी मेहनती, प्रामाणिक आणि सेवाभावी नर्स असून आपल्या नामांकित रुग्णालयात संधी मिळाल्यास तिचं सोनं करीन', आणि हेच पानभर. जर्मन व्याकरण बरोबर आहे, क्लासच्या मॅडमनी तपासलंय, पण यात माझं असं काहीच दिसत नाहीये, हे पत्र कुणाच्याही नावाने खपेल असं वाटतं.

विचारायचंय ते असं की ती मान्यता अर्धवट आहे हे पत्रात आधीच सांगायचं का, की इंटरव्ह्यूत विचारलं तर सांगायचं? दुसरं म्हणजे मध्ये वर्षभर मी घरी होते, बाबांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा न्यावं लागायचं आणि घरी दुसरं कुणी नव्हतं, तर त्या गॅपचं काय करू? आणि जर्मनीच का याचं खरं उत्तर पगार आणि पेशंटमागे पुरेसा स्टाफ हे आहे, ते लिहिलेलं चालतं का? ज्यांनी स्वतः असे अर्ज केलेत किंवा जे वाचतात त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, मला हे नीट करायचंय.

प्रतिसाद :

ताई, मी साताऱ्याची, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्येच एका जिल्हा हॉस्पिटलला आहे, सर्जिकल वॉर्डला. मान्यतेचं लपवू नका, उलट पहिल्या परिच्छेदातच टाका. इथे नर्सिंग डायरेक्टरच्या टेबलावर बाहेरच्या देशातला अर्ज आला की ती बाई आधी दोनच गोष्टी शोधते, भाषा कुठपर्यंत झालीय आणि मान्यता कुठे अडलीय. तुमच्याकडे बी-टू आहे आणि श्टुटगार्टचं पत्र हातात आहे म्हणजे तुम्ही बरीच पुढे आहात. 'बी-टू झालं, अमुक तारखेचं पत्र आलं, मी परीक्षेचा पर्याय निवडतेय' असं एका वाक्यात लिहा (किंवा कोर्सचा, पण एक ठरवा, कारण त्यावर त्यांना तुमची सोय करायची असते). परीक्षा पास होईपर्यंत सहायक म्हणून काम आणि पगारही तसाच कमी, हे तुम्हाला माहितीये हेही कळू द्या, त्यांचा जीव भांड्यात पडतो.

आता आयसीयूचं. व्हेंटिलेटर सांभाळले, इमर्जन्सी बघितली हे लिहाच, पण आपल्याकडच्या सिस्टरनी पत्रात हमखास सोडलेली गोष्ट सांगते. इथे पेशंटला अंघोळ घालणं, तोंड धुणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं हे सगळं नर्सचं काम आहे. आपल्याकडे ते मावशी करतात नाहीतर नातेवाईक, आणि आपण इंजेक्शनं, सलाईन, फाईल बघतो. इथे शिरेत सुई लावायचं काम बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच करतात. त्यामुळे नवीन आलेल्या मुली पहिल्या महिन्यात हादरतात, रडतात, आणि हॉस्पिटलवाल्यांनी हे इतक्यांदा बघितलंय की त्यांना तीच भीती असते. तुमच्या पत्रात 'जर्मनीत मूलभूत शुश्रूषा हा नर्सिंगचाच भाग आहे हे मला ठाऊक आहे' एवढं आलं आणि त्याला तुमच्याकडचं उदाहरण जोडलं तर ते पत्र बाजूला काढून ठेवलं जाईल. आयसीयूत बेशुद्ध पेशंटचं सगळं तुम्हीच केलं असणार ना, दर दोन तासांनी कूस, तोंडाची स्वच्छता, बेडसोर होऊ नयेत म्हणून पाठ बघणं. तेच लिहा.

आणि बाबांचं ते वर्ष गॅप म्हणून झाकू नका हो. बायोडेटात महिने घालून 'कुटुंबातील व्यक्तीची शुश्रूषा' अशी सरळ नोंद करा, इथे ती नोंद लोक आदराने वाचतात. पत्रात फार तर एक वाक्य.

प्रतिसाद :

मी पुण्यात जर्मन शिकवतो, बरेच विद्यार्थी नर्सिंगवाले असतात. मजकुराचं वरच्या ताईंनी सांगितलंय, मी फक्त मांडणीचं सांगतो. पत्र एकच पान, त्यापुढे अजिबात नाही. विषयाच्या ओळीत 'विषय' हा शब्द लिहायचा नाही, नुसता ठळक मजकूर, ज्या पदासाठी अर्ज त्याचं नाव आणि जाहिरातीत संदर्भ क्रमांक असेल तर तो. हॉस्पिटलच्या वेबसाईटवर नर्सिंग डायरेक्टरचं नाव बहुतेक असतं, ते शोधा आणि त्या नावानेच संबोधा, आडनावाच्या स्पेलिंगसकट दोनदा तपासा. संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढच्या ओळीतला पहिला शब्द लहान अक्षराने सुरू होतो (नाम असेल तर मोठंच), इथे आपली मुलं इंग्रजीच्या सवयीने चुकतात. शेवटच्या अभिवादनानंतर स्वल्पविराम नाही, खाली सही. वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही हे आपल्या बायोडेटातलं पत्रात आणायचं नाही. सगळं एकाच पीडीएफमध्ये, आधी पत्र मग बायोडेटा मग सर्टिफिकेटं. आणि पत्र आधी मराठीत विचार करून छोट्या वाक्यांत जर्मनमध्ये लिहा, बी-टूच्या मुलीने सी-टूचं (सगळ्यात वरच्या पातळीचं) पत्र पाठवलं की फोनवर पहिल्या मिनिटात फरक उघडा पडतो.

प्रतिसाद :

'जर्मनीच का' याबद्दल. पगाराचं लिहू नका, म्हणजे त्यात लाज वाटण्यासारखं काही नाहीये पण सरकारी आणि नगरपालिकांच्या हॉस्पिटलमध्ये पगार कामगार संघटनांशी झालेल्या करारानुसार ठरलेला असतो, पत्रात तो विषय काढून काही हलत नाही. स्टाफचं मात्र जरूर लिहा कारण ते तुमच्या कामाबद्दल आहे. तिकडे आयसीयूला दिवसा एका नर्समागे जास्तीत जास्त दोन पेशंट आणि रात्री तीन असा नियमच आहे, तुम्ही मिरजेला रात्री किती बघत होतात ते तुम्हालाच माहीत. आणि २०२० पासूनच्या त्यांच्या नर्सिंग कायद्यात पेशंटच्या शुश्रूषेची गरज ठरवणं आणि तिचं नियोजन करणं हे फक्त शिकलेल्या नर्सचं काम म्हणून राखून ठेवलंय, डॉक्टर ते करू शकत नाहीत. तुम्ही केअर प्लॅन लिहीत असाल तर 'मला हे काम पूर्ण अधिकाराने करायचंय' हे कारण पगारापेक्षा कितीतरी भारी आहे आणि खरंही आहे.

एजंटला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. पुढे कधी एजन्सीमार्फत जावंच लागलं तर 'फेअरे आनवेर्बुंग प्फ्लेगे डॉइचलांड' (जर्मनीसाठी नर्सची न्याय्य भरती) हा सरकारी शिक्का आहे का बघा, त्यात खर्च हॉस्पिटल उचलतं, नर्सकडून पैसे घ्यायचे नसतात.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. काल नाईट नव्हती म्हणून बसून पुन्हा लिहिलं, मधला परिच्छेद मराठीत इथे टाकते, बघाल का?

'मी आठ खाटांच्या आयसीयूमध्ये काम केले. रात्रपाळीत माझ्याकडे चार रुग्ण असत, त्यातले एक-दोन व्हेंटिलेटरवर. त्यांची अंघोळ, तोंडाची स्वच्छता, नळीवाटे आहार आणि दर दोन तासांनी कूस बदलणे मी स्वतः करत असे आणि त्याची नोंद ठेवत असे. त्यानंतर एक वर्ष मी माझ्या वडिलांची घरी शुश्रूषा केली. जर्मनीत रुग्णाच्या शुश्रूषेचे नियोजन नर्स करते, मला तशी जबाबदारी घ्यायची आहे.'

पहिल्या परिच्छेदात बी-टू, श्टुटगार्टचं पत्र आणि परीक्षेचा पर्याय घातलाय. नावांचं म्हणाल तर दोन हॉस्पिटलच्या साईटवर नर्सिंग डायरेक्टरचं नाव सापडलं, तिसऱ्याचं नाही सापडत, तिथे काय करू? आणि प्रत्येक हॉस्पिटलला वेगळं पत्र लागेल का?

प्रतिसाद :

साताऱ्याचीच मी. ताई, हा परिच्छेद वाचून मला तुमची ड्युटी डोळ्यांसमोर दिसली, यातला शब्द बदलू नका. 'त्याची नोंद ठेवत असे' हे फार चांगलं आहे, इथे नोंदींवर सगळं चालतं.

तिसऱ्या हॉस्पिटलला आधी फोन करा, रिसेप्शनला विचारा की नर्सिंगचे अर्ज कोण बघतं, नाव सांगतात आणि तुमचं जर्मनही त्यांच्या कानावर पडतं. नाहीच मिळालं तर 'सन्माननीय स्त्री-पुरुषहो' वालं नेहमीचं संबोधन चालतं. मधला परिच्छेद सगळीकडे तोच ठेवा, पण शेवटचा प्रत्येकाला वेगळा लिहा, त्या हॉस्पिटलचा आयसीयू कशाचा आहे, हार्टचा की न्यूरोचा, ते साईटवर बघून तुमच्या अनुभवाशी जोडा. शेवटी दोन गोष्टी राहिल्यात त्या घाला, राजीनामा दिल्यावर किती महिन्यांत सुटू शकाल, आणि सगळी कागदपत्रं तयार आहेत त्यामुळे हॉस्पिटलला व्हिसाची फास्ट-ट्रॅक प्रक्रिया लगेच सुरू करता येईल. ती मालकाला इथल्या संबंधित सरकारी कार्यालयात सुरू करावी लागते, तिची फी ४११ युरो आहे, आणि तुम्ही स्वतःहून तिचा उल्लेख केलात की त्यांना समजतं या मुलीने सगळं वाचलंय. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही याचा दाखला) जुनं झालं असेल तर आत्ताच अर्ज टाका, त्याला वेळ लागतो.