टेक्सासची २०१४ची फुटबॉल बॅच: चार नावांवर भाळायचं की दुसरी फळी बघायची?

लाइनवाला
टेक्सासच्या हायस्कूलमधून २०१४ साली कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायला गेलेल्या पोरांचा विषय निघाला की लोक लगेच २०१७चा एनएफएल ड्राफ्ट (व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात तो) पुढे करतात. पहिल्या दहांत चौघे याच बॅचचे: माइल्स गॅरेट पहिला, सॉलोमन थॉमस तिसरा, जमाल ॲडम्स सहावा, पॅट्रिक महोम्स दहावा. चौघंही जबरदस्त, वादच नाही. पण चार पोरांवरून अख्ख्या राज्याची बॅच कशी जोखता? त्या वेळी एफबीएसमध्ये, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या गटात खेळणारी १२ विद्यापीठं एकट्या टेक्सासात होती. शिवाय बाहेरची मंडळी इथली पोरं न्यायला टपलेलीच. थॉमस स्टॅनफर्डला गेला, ॲडम्स लुइझियाना स्टेटला (एलएसयू). म्हणून प्रत्येक पोझिशनला पहिले दोन-तीन उचलल्यावर आठवा-दहावा किती दमाचा उरतो, ते बघा. माझ्या मते या बॅचची बचावफळी भक्कम होती, ऑफेन्सिव्ह लाइन (चढाईत पुढे उभं राहून अडवणारी फळी) मात्र पातळ.

कोपेलकर
मुद्दा पटत नाही. ही आठव्या-दहाव्याची यादी कोण ठरवतं? भरतीआधी शाळकरी खेळाडूंना पाचपर्यंत स्टार वाटणारेच ना? महोम्स टायलरजवळच्या व्हाइटहाउसचा, थ्री-स्टार. शाळेच्या शेवटच्या वर्षी ५० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, तरी मोठी विद्यापीठं त्याच्या मागे लागली नाहीत. बाप मेजर लीगमधला पिचर, पोरगाही बेसबॉल खेळणारा. डेट्रॉइट टायगर्सनी त्याला त्याच वर्षी ३७व्या फेरीत निवडलंही होतं. हा फुटबॉलमध्ये टिकणार का, ही शंका होतीच. त्याच्यापेक्षा डेंटन गायरच्या जेरॉड हर्डला जास्त भाव होता. शाळेला सलग दोन राज्य अजिंक्यपदं मिळवून दिलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) तो, पण युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये पुढे रिसीव्हर (झेलणारा) झाला. मग २०१४च्या तुमच्या तक्त्यात हर्ड कुठल्या रकान्यात?

लाइनवाला
क्वार्टरबॅकच्याच. भरती त्या पोझिशनसाठी झाली होती. आणि एका महोम्सवरून नियम काढू नका. दर वर्षी शेकडो थ्री-स्टार पोरं विद्यापीठांकडे सही करतात, त्यातली बहुतेक पुढे कुणाला आठवतही नाहीत.

पळापळी
एकटा महोम्स कशाला, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) घ्या. टेक्सास सिटीचे फोरमन जुळे भाऊ आठवतात? एकच घर, एकच शाळा, एकच मैदान. अर्मांटी रिसीव्हर, त्याला चार स्टार आणि सगळी चर्चा त्याचीच. डोंटा थ्री-स्टार, भावाच्या सावलीत. दोघंही युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला गेले आणि २०१६मध्ये डोंटाने २,०२८ यार्ड धावून सर्वोत्तम रनिंग बॅकचा डोक वॉकर पुरस्कार घेतला. त्याच बॅचचा, फ्लुगरव्हिलचा समाजे पेराइन ओक्लाहोमाकडून कॅन्सासविरुद्ध एका सामन्यात ४२७ यार्ड धावला, तेही पहिल्याच वर्षी. लाइनवाला, तुमची दुसरी फळी म्हणतात ती हीच! रनिंग बॅकच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, फक्त सही होते त्या दिवशी ती ओळखता येत नाही.

टेक्सासकरीण
मूळ मुद्दा दोघांच्याही नजरेतून सुटतोय. कोणत्या पोझिशनला किती पोरं निघणार, ते शाळेचे प्रशिक्षक काय खेळवतात त्यावर ठरतं. इथे वर्षानुवर्षं स्प्रेड ऑफेन्स (रिसीव्हर मैदानभर पसरून चढाई), उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांचा, फक्त फेकाफेकीचा खेळ). त्यात फेकणारे, झेलणारे आणि त्यांना अडवणारे तयार होतात. लाइनमनला तिथे जागाच नाही. चार-चार रिसीव्हर पसरून उभे केल्यावर जुन्या पद्धतीचा, अंगावर घेऊन ब्लॉक करणारा टाइट एंड (लाइनीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही) येणार कुठून? म्हणून टाइट एंड कमी दिसले की राज्यात गुणवत्ता नाही, असं मी म्हणणार नाही. तसल्या अंगाचा पोरगा तिथे डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे बचावाच्या लाइनीच्या टोकाला उभा असतो.

कोपेलकर
अगदी! आणि टॅकलचं, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या बाहेरच्या लाइनमनचं, तर आणखी अवघड. सतराव्या वर्षी उंची दिसते, पण कॉलेजात वजन वाढल्यावर पाय तेवढेच चपळ राहतील का, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याची आकडेवारीही नसते. तिथे आठवा कोण आणि विसावा कोण?

लाइनवाला
टॅकलबद्दल थोडं मान्य. पण टेक्सासकरीण, तुमच्या म्हणण्याने माझीच बाजू भक्कम होते. भरती करणाऱ्या प्रशिक्षकाला टाइट एंड हवा असेल आणि राज्यात तो तयारच होत नसेल, तर कारण काहीही असो, त्याला दुसऱ्या राज्यात जावं लागतं. मी तीच उणीव मोजतोय. २०१५च्या बॅचशी तुलना करायची तर ॲलनचा क्वार्टरबॅक कायलर मरे विरुद्ध महोम्स एवढ्यावर थांबू नका. सेफ्टी (मागचा बचावपटू), गार्ड (आतला लाइनमन), टाइट एंड, प्रत्येकी पाच-पाच नावं दोन्ही वर्षांची टाका, मग बोलू.