बदकाची मादी कुंथतेय, अंडं बाहेर येत नाही

गच्चीवरची_बदकं: खाकी कॅम्पबेल मादी, वय ८ महिने, जोडीला एक नर. नाशिकला गंगापूर रोडला गच्चीवर खुराडं आहे, वर पत्रा. थंडी म्हणून रात्रभर बल्ब चालू असतो. खाणं म्हणजे ब्रॉयलर फिनिशर (मांसाच्या कोंबड्यांचं खाद्य), उरलेला भात आणि पालकाचे देठ. हल्ली दिवसाआड लिबलिबीत, नुसत्या पडद्याचं अंडं येतंय. आज पहाटेपासून शेपटी वरखाली करत कुंथतेय, पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, दाण्याला तोंड लावत नाही. काय करू?

पाणपक्षी_नाशिक: खाण्याचं नंतर बघू, आधी अंडं. टबात ३८ ते ४० अंशांचं पाणी घ्या. पाय टेकतील पण पोट आणि मागची बाजू बुडेल एवढंच. २०-३० मिनिटं बसवा, पाणी गार झालं की बदला. मग टॉवेलने पूर्ण कोरडी करून अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा. नर लांब. हातमोजा घालून गुदद्वाराच्या कडेला लिक्विड पॅराफिन लावा, बोट खोल घालू नका.

पोट दाबून अंडं ढकलायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. आतलं अंडं बिनकवचाचं असेल तर ते फुटतं, बलक आणि पडदा आत राहतो आणि जंतुसंसर्ग होतो.

दुपारपर्यंत सुटका झाली नाही, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागली किंवा लाल मांस बाहेर दिसलं तर थांबू नका, थेट डॉक्टर. मांस बाहेर असेल तर सलाईनने ओलं ठेवून न्या. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा सरकारी क्रमांक आहे, तिथेही विचारा. कॅल्शियमचं इंजेक्शन वजन बघून डॉक्टरच देतील. ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) मेडिकलमधून आणून टोचायचा उद्योग करू नका, वाट मोकळी नसेल तर अंडनलिका फाटते.

दाणापाणी: मूळ दुखणं खाण्यात आहे. हिशोब करा. एका कवचाला दोन-अडीच ग्रॅम कॅल्शियम लागतं. ब्रॉयलर खाद्यात ते जेमतेम १ टक्का, म्हणजे १५० ग्रॅम खाल्लं तर दीड ग्रॅम, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. तूट हाडांतून भरली जाते, हाडं रिकामी झाली की कवच जातं. स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं, म्हणून मऊ अंडं आणि अडकलेलं अंडं बहुतेक वेळा जोडीनेच येतात. त्यात मऊ अंड्यावर जोर धरत नाही, ते ढकललं जात नाही.

लेअर मॅश (तेच खाद्य, भरड स्वरूपात) आणा, ५-६ दिवसांत हळूहळू बदला. भात बंद. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याऐवजी लसूणघास द्या. शिंपल्यांचा जाडसर चुरा, ३-४ मिलिमीटरचा, वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेवा. कवच रात्री घडतं आणि जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात. पूड तोवर निघून जाते. खाद्यात मिसळू नका, नराला जादा कॅल्शियमने मूत्रपिंडाचा त्रास होतो. खरं तर लेअर मॅशही नराला कायमचा बरा नाही, दोघांची खायची जागा वेगळी करा.

गच्चीवरची_बदकं: दुसऱ्यांदा पाण्यात बसवल्यावर अंडं पडलं, पडद्याचंच. आता पाणी पितेय. शिंपले आणेपर्यंत पानाचा चुना पाण्यात कालवून दिला तर?

दाणापाणी: अजिबात नको, तोंड आणि अन्ननलिका भाजेल. कोंबडीच्या अंड्यांची टरफलं दहा मिनिटं उकळा, वाळवा, जाडसर कुटा.

पाणपक्षी_नाशिक: पडद्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. दोन-तीन दिवस विष्ठा आणि भूक बघा. दुर्गंधी आली किंवा मलूल झाली तर दवाखाना गाठा.

आणि तो बल्ब काढा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचा, तेवढ्यावर बदक आपसूक विसावतं. रात्रभर उजेड म्हणजे शरीराला सतत 'घाल अंडं'. थंडीला बल्ब लागतच नाही, पिसं पुरतात. खाली ४-५ इंच कोरडा भुसा आणि वारा अडवायला गोणपाट, बास. पत्र्याखाली ऊनही येत नसेल, तर सकाळी दोन तास बाहेर सोडा. उन्हातून ड-३ जीवनसत्त्व मिळाल्याशिवाय शिंपले खाऊनही उपयोग नाही. काचेआडचं ऊन चालत नाही.

अंडी थांबावीत म्हणून घरटं उचला, किंवा अंडी रोज काढण्याऐवजी खोटी दोन-चार तिथेच राहू द्या असंही सांगतात, पण खाकी कॅम्पबेल खुडूक फारशी बसत नाही. उजेड कमी करणं हाच खरा उपाय.