‘प्रभूची इच्छा असेल तर’ : पेरणीपूर्वीचा भरवसा आणि उद्याला गृहीत धरण्याची सवय

कोरडवाहू (धागाकर्ता)

आमचे घराणे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातले आणि गेल्या चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. वडील कोणताही बेत सांगताना आधी ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणत, मग तो बेत लेकीच्या लग्नाचा असो की सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊन येण्याचा असो. लहानपणी मला ती नुसती लकब वाटे आणि आम्ही भावंडे तिची नक्कलही करत असू. 2025 च्या खरिपात घरातच जे घडले, त्यानंतर मात्र त्या चार शब्दांचा मी नव्याने विचार करू लागलो.

त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. आमच्याकडेही मे महिन्यात चांगल्या सरी झाल्या होत्या, त्यामुळे ‘यंदा देवाने लवकर दार उघडले’ अशी भाषा पारावर सुरू झाली. पुतण्याने जूनच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या रानात सोयाबीन पेरले. बियाणे आणि खत यांसाठी त्याने अडत्याकडून उचल घेतली, माल त्याच्याच दुकानी घालायचा असे कबूल केले, आणि दिवाळीला येणाऱ्या पैशांतून ट्रॅक्टरचा पहिला हप्ता भरायचा असे दुकानदाराला सांगूनही टाकले. त्याची वही मी पाहिली आहे. एकरी दहा क्विंटल उतारा, क्विंटलला 5,328 रुपये हमीभाव, गुणाकार बिनचूक. पुढे पाऊस जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ थबकला, उगवण विरळ झाली, दुबार पेरणी करावी लागली. ती तग धरून उभी राहिली, शेंगा भरल्या, आणि सप्टेंबरमध्ये सीना नदीचे पाणी रानात शिरले. जे थोडे हाती आले ते डागी होते, आणि बाजारातला भाव तर चांगल्या मालालाही हमीभावाच्या बराच खाली होता.

नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात काही व्यापाऱ्यांना उद्देशून केलेली कानउघाडणी आहे. आज किंवा उद्या अमुक नगरास जाऊ, तेथे वर्षभर राहू, व्यापार करू आणि नफा मिळवू, असे तुम्ही म्हणता. परंतु उद्या काय होईल हे तुम्हांला ठाऊक नाही, तुमचे आयुष्य म्हणजे क्षणभर दिसणारी वाफ आहे, म्हणून ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू व अमुक करू’ असे म्हणा, असा त्याचा आशय आहे. तेथे बेत आखण्याला किंवा नफा मिळवण्याला मनाई केलेली नाही. जे हाती आलेले नाही ते आपलेच आहे असे धरून बोलणे, खर्चणे आणि शब्द देणे याला तो बढाई म्हणतो. आपल्याकडे हेच ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ या म्हणीत हसत हसत सांगितले आहे, फरक इतकाच की म्हणीत केवळ हसे होते आणि याकोब त्याला पाप म्हणतो.

माझे म्हणणे असे आहे की विश्वासाने पेरावे, परंतु न आलेल्या पिकावर शब्द देऊ नये. पुरेसा, म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर, पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्या सल्ल्यात आणि वडिलांच्या चार शब्दांत मला फारसे अंतर दिसत नाही, कारण दोन्हीकडे माणसाला आपल्या माहितीची मर्यादा मान्य करायला सांगितले आहे.

हिशेबनीस

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो असून खरिपाच्या कर्जवाटपात उमेदीची वर्षे घालवली आहेत. आपल्या लेखनातली कळकळ समजते, परंतु निष्कर्ष मान्य नाही. शेती हा व्यवसायच मुळी न आलेल्या पिकावर शब्द देण्याचा आहे. पीककर्ज पेरणीच्या आधी मिळते आणि ते कोणत्या भरवशावर मिळते, तर पीक येईल या भरवशावरच मिळते. आपल्या राज्यात 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज पडत नाही. ही सवलत घेणारा प्रत्येक शेतकरी मार्चअखेरची तारीख आज कबूल करत असतो. तो सगळा गर्विष्ठ म्हणायचा काय?

ज्याच्या घरात वर्षभराची बेगमी आहे त्यालाच उद्याला गृहीत न धरणे परवडते. ज्याच्याकडे ती नाही त्याला उद्या तारण ठेवूनच आजचा दिवस ढकलावा लागतो. शिवाय थांबण्यालाही किंमत असते. मूग आणि उडीद जुलै अर्धा उलटल्यावर पेरून उपयोग होत नाही, त्यामुळे ‘अजून पाऊस पाहू’ म्हणणाऱ्याचे पीकच हातचे जाते. आपल्या पुतण्याची चूक श्रद्धेची नसून हिशेबाची आहे. त्याने उतारा सर्वोत्तम वर्षाचा धरला, भाव सरकारी कागदावरचा धरला, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नीट येण्याआधी सगळे रान एकाच पिकाखाली आणि एकाच दिवशी घातले, आणि गावची सहकारी पतसंस्था, म्हणजे सोसायटी, सोडून अडत्याकडे गेला. या चारही चुका नास्तिकालाही टाळता येतात आणि आस्तिकाकडूनही होतात.

संशयी

हिशेबनीस यांच्याशी सहमत होऊन एक पाऊल पुढे जातो. ‘देवाची इच्छा’ हे उत्तर पाऊस पडला तरी चालते, न पडला तरी चालते आणि रान वाहून गेले तरी चालते. जे उत्तर कोणत्याही परिस्थितीत चालते त्याने काहीही कळत नाही. सप्टेंबरच्या पुराबद्दल बोलायचे तर ओढे कोणी बुजवले, नदीच्या पात्रालगत बांधकामे कोणी होऊ दिली, हे प्रश्न विचारले जायला हवेत, आणि ते विचारण्याआधीच जर माणसाने हात जोडले तर ज्यांना उत्तरे द्यायची आहेत ते सुटतात. गरिबाला नम्रतेचा उपदेश करणे फार सोपे असते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी टवाळीसाठीच केली, हेही विसरू नये.

कोरडवाहू

संशयी यांच्या आक्षेपातील पहिल्या भागाला माझ्याकडे असे उत्तर नाही की जे त्यांना पटेल. दुसऱ्या भागाला मात्र आहे. तेच पत्र एक पान उलटून पाहिले तर पाचव्या अध्यायात याकोब जमीनदारांवर तुटून पडतो: तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडत आहे, आणि त्यांचा आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. त्याच्या लगेच पुढे धीराचे उदाहरण म्हणून जो माणूस येतो तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी आहे. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडून जमीन पेरणीजोगी होते आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये पडून दाणा भरतो, म्हणजे तो शेतकरीही आमच्यासारखाच कोरडवाहू होता. चौथ्या अध्यायातला बोल ज्यांना बसतो ते भांडवल हाती असलेले व्यापारी आहेत. उपाशी माणसाला गप्प बसवण्यासाठी ते वचन वापरले गेले असेल, नव्हे वापरले गेलेच आहे, परंतु तो वापरणाऱ्याचा दोष आहे.

हिशेबनीस साहेब, सोसायटीचे कर्ज आणि ट्रॅक्टरचा शब्द या दोन गोष्टी मी एकाच दावणीला बांधल्या, ही माझी चूक मान्य करतो.

माळकरी

आमच्याकडे हा प्रश्न दर ज्येष्ठात उभा राहतो. पेरून मग वारीला निघायचे, हा रिवाज. पण 2023 साली आषाढी एकादशी 29 जूनला होती आणि मोसमी पाऊस मुंबईपर्यंत यायलाच 25 जून उजाडला. आमच्या दिंडीतील बहुतेकांनी त्या वर्षी रान मोकळे ठेवून आळंदी गाठली. काही जणांनी ‘पांडुरंग बघून घेईल’ म्हणत धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानातच पेरणी, करून निघण्याचा घाट घातला होता, तेव्हा आमच्या फडातील एका वृद्ध वारकऱ्यांनी त्यांना थांबवले. विठोबाला आपल्या रानाचा राखणदार नेमायचे आणि पाऊस आला नाही तर त्याच्यावरच रुसायचे, ही भक्ती कसली, असे ते म्हणाले. मी स्वतः धाकट्या भावाला बियाणे मोजून दिले, कोणते रान आधी घ्यायचे ते सांगितले, आणि निघालो. पुढे त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला, तेव्हा वारीला गेलेल्यांचे आणि न गेलेल्यांचे सोयाबीन सारखेच वाळले. वारी केली म्हणून पीक वाचेल असे मी कधी धरले नव्हते, म्हणून पीक गेल्यावर वारी फुकट गेली असेही वाटले नाही.

एक गोष्ट येथे आठवते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यानंतर तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या पैशांची आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. देवावर भरवसा ठेवा हे आपण नेहमी कर्जदाराला सांगतो. सावकाराने भरवसा ठेवला तर तो कसा दिसेल, हे त्या प्रसंगात दिसते.

लातूरचा शेतकरी

आम्ही मुसलमान घरात ‘इन्शा अल्लाह’ म्हणतो त्याला कुराणाच्या अठराव्या सूरेचा आधार आहे: कोणत्याही गोष्टीबद्दल ‘मी हे उद्या करीन’ असे म्हणताना ‘अल्लाहची इच्छा असेल तर’ ही पुस्ती जोडा, अशी तेथे आज्ञा आहे. पण आमचे वालिद त्याच दमात दुसरेही ऐकवत. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. खेदाने सांगतो की आता ‘इन्शा अल्लाह’ हे काम न करण्याचे सभ्य उत्तर झाले आहे. मिस्त्री ‘इन्शा अल्लाह उद्या येतो’ म्हणाला की मी दुसरा मिस्त्री शोधायला लागतो.

माजघरातून

येथे सगळे पुरुष बोलत आहेत असे दिसते, म्हणून लिहिते. 2025 च्या खरिपात एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्के झाला. मी पोस्टात ठेवलेल्या पैशांतून तो भरायला निघाले होते. सासरे म्हणाले, ‘दरवर्षी भरून काय मिळाले? देवावर विश्वास आहे ना, मग विमा कशाला?’ त्याच आठवड्यात घरात सत्यनारायण झाला आणि त्याला विम्याच्या हप्त्यापेक्षा जास्त खर्च आला. सप्टेंबरमध्ये आमचे रान खरडून गेले. विमा काढला असता तरी भरपाई पीककापणी प्रयोगावर, म्हणजे परिसरातल्या नमुन्याच्या रानांत मोजलेल्या उताऱ्यावर, ठरणार होती, कदाचित थोडीच मिळाली असती, हे मला समजते. तरीही विचारते की आमच्या घरात उद्याला गृहीत धरले गेले, की देवाला? पुतण्याने निदान वहीत आकडे तरी मांडले होते. आमच्याकडे आकडे मांडणे हीच अश्रद्धा ठरली, आणि दुबार पेरणीला माझी पाटली गेली.

कोरडवाहू

ताई, मूळ लेखनात जे निसटले ते आपण दाखवून दिले. येशूच्या परीक्षेच्या कथेत सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो की खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असे शास्त्रातच लिहिलेले आहे. येशूचे उत्तर असे की देवाची परीक्षा पाहू नको, असेही लिहिलेले आहे. मी केवळ उद्याला गृहीत धरण्यावर लिहीत बसलो; शास्त्राचा आधार घेऊन मारलेली उडी त्याहून धोक्याची, कारण तिला विश्वासाचे नाव असते आणि तिची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावरून उतरते.

हिशेबनीस

तरीही माझा मूळ मुद्दा उरतो. 2025 साठी हवामान खात्याने मे महिन्यात सुधारित अंदाज दिला तो सरासरीच्या 106 टक्के, आणि त्याला 4 टक्के कमी-अधिकची सूट जोडलेली होती. प्रत्यक्षात देशात 108 टक्के पाऊस झाला, म्हणजे अंदाज खरा ठरला आणि आपल्या पुतण्याचे रान मात्र आधी वाळले आणि मग बुडाले. आपला ‘असेल तर’ त्या 4 टक्क्यांत आधीच लिहिलेला होता. मला देवाचे नाव घेण्यावर आक्षेप नाही; आक्षेप इतकाच की नाव घेतल्याने माणूस ते 4 टक्के वाचायला शिकत नाही. ते शिकवणारा कोणी गावात हवा. पुतण्याच्या उचलीचे पुढे काय झाले, तेही कळवावे.

कोरडवाहू

निम्मी फिटली, निम्मी अंगावर आहे. ट्रॅक्टर आला नाही. रब्बीला ज्वारी होती, तिचा कडबा बरा झाला म्हणून जनावरे टिकली. येत्या खरिपासाठी पुन्हा उचल घ्यावी की नाही, हे त्याने ठरवलेले नाही. मी नको म्हणालो, तेव्हा माझी वहिनी म्हणाली की भावजी, मग बियाण्याचे पैसे तुम्ही देता का. उघड्यानागड्याला आणि उपाशी माणसाला नुसते ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणून वाटेला लावणाऱ्याबद्दल याकोबाने दुसऱ्या अध्यायात जे लिहिले आहे, ते मला त्या क्षणी आठवले. मी तिला अजून उत्तर दिलेले नाही.